काव्हूर : राष्ट्र उभारणारा हिशेबनीस

(एका वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही दोन नावे महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांना परकी नाहीत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनच्या वास्तव्यात मॅझिनीच्या आत्मचरित्राचा आणि राजकीय लेखांचा मराठी अनुवाद केला. १९०७ साली तो पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना त्या काळच्या तरुणांनी मुखोद्गत केली आणि इंग्रज सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. त्याच्याही आधी लाला लजपतरायांनी या दोघांची चरित्रे उर्दूत लिहिली होती. एक द्रष्टा आणि एक सेनानी. आपल्या तरुणांना हे दोघे भावले, यात नवल नाही. परंतु इटलीच्या एकीकरणाचा इतिहास थोडा बारकाईने वाचू लागलो की तिसरा एक मनुष्य पुनःपुन्हा समोर येतो. बुटका, स्थूल, डोळ्यांवर चष्मा, हात चोळत हसणारा, जन्माने सरदार आणि वृत्तीने व्यवहारी. त्याचे चित्र आपल्याकडे कुणी भिंतीवर लावले नाही. मीही विद्यार्थिदशेत त्याच्याविषयीचे परिच्छेद परीक्षेपुरते वाचून पुढे जात असे. आज त्याच्याविषयी, म्हणजे काउंट कामिल्लो काव्हूर याच्याविषयी बोलावे असे ठरवून मी येथे आलो आहे.

काव्हूरचा जन्म १० ऑगस्ट १८१० रोजी ट्युरिन येथे झाला. त्या वेळी ट्युरिन नेपोलियनच्या फ्रेंच साम्राज्यात होते आणि या बालकाची धर्ममाता होती साक्षात नेपोलियनची बहीण पाउलीन. तिचा पती कामिल्लो बोर्गेझे याच्यावरूनच त्याचे नाव ठेवले गेले. आई जिनिव्हाची. घरात भाषा फ्रेंच. पुढे ज्याने इटली एक केली, त्याला शुद्ध इटालियन बोलताना अखेरपर्यंत कष्ट पडत. संसदेत तो शब्द शोधत बोले, हे त्याचे समकालीनच सांगतात.

त्याच्या पाचव्या वर्षी नेपोलियनचे साम्राज्य कोसळले आणि व्हिएन्नाच्या परिषदेत युरोपच्या राजांनी इटलीचे तुकडे पुन्हा आपापसांत वाटून घेतले. लोंबार्डी आणि व्हेनिस ऑस्ट्रियाकडे, मध्यभागी पोपचे राज्य, दक्षिणेस नेपल्स आणि सिसिलीवर बूर्बो घराणे, अधूनमधून ऑस्ट्रियाच्या नातलगांच्या लहान लहान गाद्या, आणि वायव्येच्या कोपऱ्यात पिडमाँट-सार्डिनियाचे, सॅव्हॉय घराण्याचे राज्य. इटली हा केवळ एक भौगोलिक शब्द आहे, असे ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटर्निक म्हणत असे. हे वाक्य आपल्याला ओळखीचे वाटेल. १९३१ साली चर्चिलने आपल्या देशाविषयी जवळजवळ हेच शब्द वापरले होते.

काव्हूर हा धाकटा मुलगा. सरदारघराण्याच्या रीतीप्रमाणे दहाव्या वर्षी लष्करी विद्यालयात गेला. तेथे राजपुत्र चार्ल्स आल्बर्ट याचा दरबारी सेवक म्हणून त्याची नेमणूक झाली. हा मान मानला जाई. परंतु त्या भरजरी पोशाखाची त्याला लाज वाटे आणि ते त्याने बोलूनही दाखवले, तेव्हा मान गेला. पुढे अभियंता-दलात अधिकारी झाला, उदारमतवादी बोलण्यामुळे आल्प्समधील बार्डच्या किल्ल्यावर पाठविला गेला आणि १८३१ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने लष्कर सोडले.

त्याच वर्षी मॅझिनीने मार्सेय येथे 'तरुण इटली'ची स्थापना केली, आणि काव्हूर थोड्याच वर्षांत शेतीकडे वळला! तरुण मनाला यात फारसे आकर्षक काही दिसत नाही. पण माझे असे मत झाले आहे की पुढचा काव्हूर समजायचा असेल, तर ही वर्षेच नीट पाहिली पाहिजेत. १८३५ पासून लेरी येथील कुटुंबाची जमीन त्याने स्वतःच्या देखरेखीखाली घेतली. व्हेर्चेल्लीच्या त्या सखल प्रदेशात भाताची शेती चालते. पाणी साचलेली खाचरे, डास, हिवताप. तेथे हा मार्कीजचा मुलगा पहाटे उठून बांधावर जाई. खत कोणते, पिकांचा फेर कसा, पाण्याचा निचरा कुठून काढावा, पाटाच्या पाण्याचा हिशेब शेजाऱ्याशी कसा राखावा, हे सर्व तो शिकला. नव्या प्रकारची खते त्याने मागविली, लागवडीची यंत्रे आणली, भातगिरणीत भांडवल घातले. लागो माज्जोरे सरोवरावर आगबोट चालविणे, ट्युरिनमध्ये बँक काढणे, १८४२ मध्ये कृषिसंघटना उभारणे, हे उद्योगही त्याचेच. मधल्या काळात इंग्लंड-फ्रान्सला जाऊन कारखाने, तुरुंग, शाळा पाहिल्या आणि पार्लमेंटच्या सज्जात बसून तासन् तास वादविवाद ऐकले. दोष नव्हते असे नाही. जुगाराचा त्याला नाद होता. १८४० साली युद्ध होणार या अंदाजावर पॅरिसच्या शेअरबाजारात त्याने पैसा लावला, युद्ध झाले नाही, आणि कर्ज वडिलांना फेडावे लागले.

१८४६ मध्ये त्याने इटलीतील रेल्वेवर फ्रेंचमध्ये एक दीर्घ लेख लिहिला. वरवर पाहता तो रुळांविषयी आहे. परंतु ट्युरिन, मिलान, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स ही शहरे लोहमार्गाने जोडली की जकातीची नाकी आणि मनांतील भिंती एकदमच पडतील, हा त्याचा खरा आशय होता. मॅझिनीने राष्ट्र आत्म्यात पाहिले. काव्हूरने ते नकाशावर रुळांच्या रेषांनी आखून पाहिले.

डिसेंबर १८४७ मध्ये त्याने 'रिसोर्जिमेंतो', म्हणजे पुनरुत्थान, या नावाचे वृत्तपत्र काढले. पुढे त्या संपूर्ण कालखंडालाच हे नाव मिळाले. १८४८ हे युरोपच्या क्रांतीचे वर्ष. ४ मार्च रोजी पिडमाँटच्या राजाने लिखित राज्यघटना दिली. मिलानची जनता ऑस्ट्रियाविरुद्ध उठली आणि पिडमाँट युद्धात उतरला. ३० मे रोजी गोइतो येथील लढाईत काव्हूरचा पुतण्या ऑगस्टो पडला. काव्हूर अविवाहित होता आणि या मुलावर त्याचा विलक्षण जीव होता. गोळीने फाटलेला, रक्ताने माखलेला त्याचा गणवेश काव्हूरने काचेच्या पेटीत घालून आपल्या शयनगृहात ठेवला, आणि तो तेथेच राहिला. ज्याला लोक थंड डोक्याचा हिशेबी माणूस म्हणत, त्याच्या खोलीत रोज सकाळी प्रथम दृष्टीस पडणारी वस्तू ही होती.

युद्ध हरले. २३ मार्च १८४९ च्या नोव्हाराच्या पराभवानंतर चार्ल्स आल्बर्टने राज्यत्याग केला आणि व्हिक्टर इमॅन्युएल गादीवर आला. इटलीतील इतर सर्व राजांनी दिलेल्या घटना परत घेतल्या. पिडमाँटने घेतली नाही. परिणामी नेपल्सचा वकील, रोमचा प्राध्यापक, व्हेनिसचा क्रांतिकारक असे हजारो निर्वासित ट्युरिनमध्ये आश्रयाला आले आणि त्या प्रांतिक राजधानीत प्रथमच संपूर्ण इटली एकत्र राहू लागली.

१८५० मध्ये चर्चचे स्वतंत्र न्यायालयाचे व अन्य विशेषाधिकार काढून घेणारे कायदे झाले. त्यांना पाठिंबा देणारा कृषी व व्यापार मंत्री सांतारोसा हा काव्हूरचा मित्र. तो ऑगस्टमध्ये मृत्युशय्येवर पडला. कायद्यांचा निषेध केल्याशिवाय अंतिम धर्मसंस्कार देणार नाही, असे धर्मगुरूने सांगितले. सांतारोसाने निषेध केला नाही आणि संस्काराविनाच प्राण सोडला. त्याच्या रिकाम्या जागेवर ऑक्टोबरात काव्हूर मंत्री झाला. हा माणूस एक दिवस तुम्हा सर्वांची खाती घेईल, असे राजाने त्या वेळी इतर मंत्र्यांना बजावले होते, अशी आख्यायिका आहे. तसेच झाले. पुढच्या वर्षी अर्थखाते आणि ४ नोव्हेंबर १८५२ रोजी पंतप्रधानपद! त्यासाठी स्वतःच्या उजव्या गटातून उठून डाव्यांच्या रात्ताझ्झीशी त्याने आधीच संधान बांधले होते. विरोधकांनी या युतीला कुत्सितपणे 'लग्न' म्हटले. तत्त्वनिष्ठांना तेव्हाही ते रुचले नाही.

पंतप्रधान काव्हूरने काय केले? इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम यांच्याशी व्यापारी करार आधीच केले होते. जकाती उतरविल्या, कर वाढविले, कर्जे काढली. डोंगर पोखरून ट्युरिन ते जिनोआ रेल्वे १८५३ अखेर पूर्ण झाली. १८५७ मध्ये आल्प्सखालून फ्रेज्यूचा बोगदा खणण्यास प्रारंभ झाला. तो संपायला १८७१ उजाडले. लोक करांनी त्रासले होते, यात शंका नाही. परंतु ज्या राज्याला उद्या एका साम्राज्याशी झुंजायचे आहे, त्याची तिजोरी, बंदरे आणि रस्ते आधी सज्ज हवेत, हा त्याचा हट्ट होता.

१८५५ मध्ये त्याने एक धाडसी डाव टाकला. क्रिमियात इंग्लंड-फ्रान्सचे रशियाशी युद्ध चालू होते. पिडमाँटचे रशियाशी काहीच वैर नव्हते. तरीही त्याने १५ हजारांचे सैन्य जनरल ला मार्मोराच्या हाताखाली तेथे पाठविले. ऑगस्टमध्ये चेर्नाया नदीवरच्या लढाईत त्या सैन्याने नाव कमावले. पण लढाईत पडले त्याहून कितीतरी अधिक, हजाराच्या वर, पटकीने गेले. सेनापतीचा सख्खा भाऊही त्यात गेला. (जाता जाता सांगतो. त्याच वर्षी नानासाहेब पेशव्यांचा वकील अजीमुल्लाखान हाही क्रिमियात जाऊन इंग्रजांच्या सैन्याची अवस्था डोळ्यांनी पाहून आला होता. एकाच रणभूमीवरून दोन पराधीन देशांची माणसे आपापले निष्कर्ष घेऊन परतली.) या रक्ताच्या बदल्यात काव्हूरला १८५६ च्या पॅरिस परिषदेत मोठ्या राष्ट्रांच्या मेजाशी खुर्ची मिळाली. एक इंच भूमी मिळाली नाही. पण ८ एप्रिलच्या बैठकीत इटलीचा प्रश्न युरोपच्या दप्तरात नोंदला गेला.

आता त्याच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग. एकट्या पिडमाँटला ऑस्ट्रियाचा पराभव करणे शक्य नाही, हे १८४८-४९ ने सिद्ध केले होते. म्हणून फ्रान्स हवा. २१ जुलै १८५८ रोजी प्लोंबिएर या गावी तो तिसऱ्या नेपोलियनला गुप्तपणे भेटला. सकाळी बंद खोलीत आणि दुपारी बग्गीतून फिरताना मिळून सात-आठ तास बोलणे झाले. युद्धाचे निमित्त कोणते काढावे, यासाठी दोघे नकाशावर बोट फिरवीत बसले होते! हे सारे काव्हूरने तीन दिवसांनी राजाला लिहिलेल्या दीर्घ पत्रातच आहे. फ्रान्स दोन लाख सैन्य देणार, बदल्यात सॅव्हॉय घेणार, नीसचा विषय नंतर. आणि व्हिक्टर इमॅन्युएलची कन्या क्लोटिल्ड हिने सम्राटाच्या चुलतभावाशी विवाह करावयाचा. मुलगी पंधरा वर्षांची, अतिशय धर्मशील. वर छत्तीस वर्षांचा, तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठा आणि ख्यालीखुशालीसाठी प्रसिद्ध. राजा कचरत होता. काव्हूरने त्या पत्रात वकिली करून त्याला राजी केले. ३० जानेवारी १८५९ रोजी विवाह झाला.

बंधू-भगिनींनो, मला हे प्रकरण पटत नाही आणि ते पटवून घेण्याची मला आवश्यकताही वाटत नाही. त्या मुलीने मात्र आपला शब्द पाळला. १८७० मध्ये फ्रेंच साम्राज्य कोसळले, सम्राज्ञी पॅरिसमधून गुप्तपणे निसटली, पण क्लोटिल्ड लपूनछपून न जाता आपल्या गाडीतून उघडपणे स्टेशनवर गेली. सॅव्हॉयची राजकन्या पळत नाही, अशी तिची धारणा होती.

युद्धाची सिद्धता झाली आणि नेपोलियन कचरू लागला. इंग्लंडने निःशस्त्रीकरणाचा आग्रह धरला आणि पॅरिसहून तार आली की मान्य करा. १९ एप्रिल १८५९ चा तो दिवस. काव्हूरने दार लावून घेतले आणि कागद जाळू लागला. कुणालाही आत सोडू नका, असा नोकराला हुकूम होता. कास्तेल्ली हा जुना मित्र नोकराला न जुमानता आत शिरला. आयुष्य संपवून टाकण्याच्या विचारातून मित्राने त्याला बाहेर काढले. चारच दिवसांनी ऑस्ट्रियाने निर्वाणीचा खलिता पाठविला, तीन दिवसांत शस्त्रे खाली ठेवा. ऑस्ट्रिया आक्रमक ठरला आणि फ्रान्सला करार पाळणे भाग पडले. ज्याची सारी बुद्धी वर्षभर हे घडवून आणण्यात खर्ची पडली, त्याच्या हातून ते निसटले होते आणि शत्रूच्या उतावीळपणाने ते परत दिले.

माजेंटा आणि सोल्फेरिनो येथे विजय झाले. सोल्फेरिनोचे जखमी पाहूनच आंरी द्यूनाँच्या मनात रेडक्रॉसची कल्पना उगवली, इतका तो संहार मोठा होता. आणि नंतर, ११ जुलै रोजी, नेपोलियनने काव्हूरला न विचारता ऑस्ट्रियाशी तह केला. लोंबार्डी मिळाली, व्हेनिस राहिले. त्या रात्रीच्या उकाड्यात काव्हूर आपल्या राजासमोर अक्षरशः ओरडला, नाही नाही ते बोलला आणि राजीनामा देऊन लेरीच्या शेतावर गेला.

सहा महिन्यांनी, जानेवारी १८६० मध्ये, त्याला परत बोलवावे लागले. टस्कनी आणि मध्य इटली सार्वमताने पिडमाँटशी जोडली गेली, परंतु फ्रान्सची संमती विकत घ्यावी लागली. २४ मार्च १८६० च्या तहाने सॅव्हॉय आणि नीस फ्रान्सला दिले गेले. सॅव्हॉय हे राजघराण्याचे मूळ स्थान आणि नीस हे गॅरिबाल्डीचे जन्मगाव. तेथे झालेल्या सार्वमताचे आकडे इतके एकतर्फी आले की त्यांवर विश्वास ठेवणे कठीण जाते. गॅरिबाल्डीने या गोष्टीची क्षमा कधीही केली नाही.

मे महिन्यात तोच गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवक दोन आगबोटींत घालून सिसिलीकडे निघाला. काव्हूरने त्याला मदत केली की अडथळा आणला, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला वाटते, दोन्ही केले. अपयश आले तर नाकारता यावे आणि यश आले तर स्वीकारता यावे, अशी त्याची भूमिका होती. यश आले, आणि असे आले की ७ सप्टेंबरला गॅरिबाल्डी नेपल्समध्ये शिरला. आता तो रोमवर चालून गेला तर फ्रान्स युद्धात उतरणार आणि मिळविलेले सर्व जाणार, हे ओळखून काव्हूरने पिडमाँटचे सैन्य पोपच्या प्रदेशातून दक्षिणेकडे पाठविले. २६ ऑक्टोबर रोजी तेआनो येथे गॅरिबाल्डीने व्हिक्टर इमॅन्युएलला इटलीचा राजा म्हणून वंदन केले आणि जिंकलेले राज्य त्याच्या स्वाधीन केले. स्वतःसाठी काही न घेता तो काप्रेरा बेटावरच्या आपल्या शेतावर परतला. अशी निरपेक्षता काव्हूरच्या अंगी होती, असे मी म्हणणार नाही.

१७ मार्च १८६१ रोजी इटलीचे राज्य घोषित झाले. पण नव्या राष्ट्राच्या राजाने आपला क्रमांक 'दुसरा' असाच ठेवला, जणू इटली ही पिडमाँटची वाढीव जहागीर होती. सव्वादोन कोटी लोकसंख्येत मताचा अधिकार चार लाखांच्या आसपास माणसांना. दर चारांपैकी तिघे निरक्षर. दक्षिणेवर पिडमाँटचे कायदे आणि कर लादले गेले आणि तेथे बंडाळी उसळली. ती मोडताना हजारो माणसे मारली गेली. काव्हूर स्वतः टस्कनीच्या दक्षिणेस कधी गेलाच नव्हता. नेपल्स त्याने पाहिले नाही, रोमही नाही. ज्या देशाचा तो पंतप्रधान झाला, त्याचा अर्धा भाग त्याला अहवालांतूनच ठाऊक होता. कितीही कुशल माणूस असला तरी बांधावर न जाता शेती होत नाही, हे लेरीत शिकलेला मनुष्य येथे विसरला, किंवा काळाने त्याला तेवढी सवड दिली नाही.

१८ एप्रिलला संसदेत गॅरिबाल्डी लाल सदऱ्यात आला आणि आपल्या स्वयंसेवकांना मिळालेल्या वागणुकीवरून त्याने काव्हूरवर भाऊबंदकीचे युद्ध पेटवू पाहिल्याचा आरोप केला. सभागृहात गदारोळ झाला. काव्हूर संतापाने थरथरत होता. पण कामकाज पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याने आवाज चढविला नाही. आम्हा दोघांमध्ये कसली दरी आहे हे मला ठाऊक आहे, नीसचा सल्ला राजाला देणे हे माझे कर्तव्य होते आणि आयुष्यातील सर्वांत दुःखाचे कर्तव्य होते, अशा अर्थाचे तो बोलला. गॅरिबाल्डीच्या भावना आपण समजू शकतो, हेही त्याने सांगितले. बाहेर युरोपात राजे संसदा गुंडाळत असताना हा माणूस सर्वांत मोठ्या लोकनायकाची तोफ भर सभागृहात अंगावर घेत होता. लष्करी कायदा पुकारून कुणीही राज्य करील, असे तो म्हणे. नेपल्समध्ये तो लावू नका, हे त्याने मृत्युशय्येवरही सांगितले. ते ऐकले गेले नाही.

मे अखेरीस त्याला ताप भरला. बहुधा लेरीच्या खाचरांतून आलेला जुना हिवताप. डॉक्टरांनी त्या काळच्या उपचाराप्रमाणे पुनःपुन्हा शिरा तोडून रक्त काढले. व्हेनिस आणि रोम अद्याप बाहेर होते. रोमविषयीची बोलणी अर्धवट होती आणि मुक्त राज्यात मुक्त धर्मपीठ हे सूत्र त्याच्या तोंडी शेवटपर्यंत होते. पोपने आदल्याच वर्षी त्याचा प्रदेश घेणाऱ्या सर्वांना धर्मबाह्य ठरविले होते. सांतारोसाची गत काव्हूर विसरला नव्हता. त्याने फ्रा जाकोमो या धर्मगुरूकडून वचन काही वर्षे आधीच घेऊन ठेवले होते. गुरूने ते पाळले आणि कोणताही निषेध लिहून न घेता अंतिम संस्कार दिले. ६ जून १८६१ रोजी, पन्नासाव्या वर्षी, राष्ट्र घोषित होऊन तीन महिनेही पुरे झाले नसताना काव्हूर गेला. फ्रा जाकोमोला रोमला बोलावण्यात आले. काव्हूरने पश्चात्ताप व्यक्त केला होता असे लिहून दे, असा त्याच्यावर दबाव आला. त्याने लिहून दिले नाही, आणि त्याचे अधिकार काढून घेण्यात आले.

लेरीच्या परिसराला पो नदीचे पाणी देणारा मोठा कालवा काव्हूरच्या मृत्यूनंतर, १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत खणला गेला. त्याला त्याचेच नाव आहे आणि त्यावर आजही भात पिकतो. व्हेनिस १८६६ मध्ये आले, रोम १८७० मध्ये. मॅझिनी १८७२ साली पिसा येथे टोपणनावाने राहत असतानाच वारला. ज्या एकात्म इटलीचे स्वप्न त्याने सर्वांआधी पाहिले, तिच्यात त्याला स्वतःच्या नावाने मरता आले नाही.

काव्हूरचा देह राजघराण्याच्या समाधिस्थळी, सुपेर्गाच्या टेकडीवर ठेवावा, अशी राजाची इच्छा होती. कुटुंबाने नम्रपणे नकार दिला, कारण त्याने स्वतःची जागा आधीच सांगून ठेवली होती. ट्युरिनजवळच्या सांतेना या गावी, ऑगस्टोच्या शेजारी, त्याला पुरण्यात आले. तो गोळीने फाटलेला गणवेशही तेथल्या वाड्यात आहे.